लेकीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी

प्रिय सखी,

प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तुला धड बोलताच येत नव्हतं. "गहू बंद म्हणाले गं, जन्मभरासाठी," एवढंच तीनदा म्हणालीस, आणि मागून लेकीची हाक आली तसा फोन ठेवलास. तेव्हापासून तुझाच विचार चाललाय. आज पोरगा क्लासला गेलाय, घरात शांतता आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक महत्त्वाचं. लेकीला सिलिॲक आहे का, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार, हे बघायला रक्ताची तपासणी झाली म्हणालीस, पण दुर्बिणीची व्हायची असेल तर ती होईपर्यंत गहू बंद करू नकोस. आधीच बंद केला तर आतड्याचा तुकडा तपासूनही काही कळत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचार. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं पोराला लोहाचं औषध, जंताचं औषध, टॉनिक असंच चाललं होतं. हातपाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखं, आणि मी रोज सकाळी त्याला मायेने तूप लावून गव्हाची पोळी भरवत होते. सिलिॲक हा शब्द कानावर आला त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून रडले होते. म्हणून तुझं रडणं मला कळतं. ज्या हाताने भरवलं त्याच हाताने दुखवलं असं वाटतं ना? तुला ठाऊक नव्हतं. प्रभूला ठाऊक आहे की तुला ठाऊक नव्हतं.

आता सकाळच्या खाण्याचं बघू. तुला वाटतंय की पोर उपाशी राहील. अगं, हॉस्टेलवर तू वसईहून डब्यातून तांदळाच्या रोट्या आणायचीस आणि मी नगरहून ज्वारीच्या भाकरी, आठवतं? त्या डब्यांत ग्लुटेन नव्हतंच. आपल्या आज्यांच्या चुलीवरचं बहुतेक सगळं तिला चालतं: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा. चालत नाही ते गहू, रवा, मैदा, शेवया, जव आणि सातू. डब्यातला हिंगही बघून घे, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मी चार महिने ते न बघता वरणाला फोडणी देत होते. दुधात घालायच्या पावडरींत माल्ट असतं, ते जवाचं. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' असेल तर आपल्याकडच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं, ते निवांत घे. आणि गिरणी! एकाच जात्यातून आधी गहू गेला की मागून तुझी ज्वारी गेली तरी व्यर्थ. मी घरगुती छोटी गिरणी घेतली. सगळ्यात मोठा खर्च तोच झाला.

पण लेकीला पाव हवाय हे मला कळतं. शाळेत सगळ्यांच्या डब्यात सँडविच असतं. तर पाव असा करते बघ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी विरी, म्हणजे चिवटपणा, नसते हे तुला सांगायला नको, जुन्या पिठाची भाकर थापताना चिरते ती त्यामुळेच. गव्हात तो ताण ग्लुटेन देतं, इथे आपण तो इसबगोलाने आणायचा. २० ग्रॅम इसबगोलाचा भुसा ३०० मिलिलीटर पाण्यात भिजत घाल, दहा मिनिटांत तो थलथलीत होतो. ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम घे आणि त्यातल्या मूठभर पिठाची ५० मिलिलीटर उकळत्या पाण्यात उकड काढ, आपण भाकरीला काढतो तशीच. मग उरलेलं पीठ, तांदळाचं १०० ग्रॅम, साबुदाण्याचं ६० ग्रॅम (साबुदाणा घरीच मिक्सरवर दळ), दोन अंडी, दोन चमचे तेल, मीठ, चमचाभर साखर आणि ६ ग्रॅम यीस्ट. सगळं पळीने कालव. मळण्यासारखं ते होत नाही, भज्याच्या पिठाहून घट्ट आणि कणकेहून सैल असं राहतं. घाबरून वरून पीठ घालू नकोस, मी पहिल्यांदा घातलं आणि वीट झाली. तेल लावलेल्या साच्यात ओतून ओल्या हाताने वरून गुळगुळीत कर. तासाभरात साच्याच्या काठापर्यंत वर येतं. मग २०० अंशावर पन्नास मिनिटं. बाहेर काढल्यावर पूर्ण निवू दे, दोन तास तरी. गरम कापलास तर आत चिकट लागेल आणि बिघडला म्हणून टाकून देशील.

रोजच्या घाईला नाचणीचे केक कर. तीन पिकलेली केळी कुस्कर, त्यात गूळ, दोन अंडी, थोडं तेल, दीड वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट, दोन लहान चमचे बेकिंग पावडर. १८० अंशावर वीस-बावीस मिनिटं. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि आजारलेल्या आतड्याच्या मुलांना त्याची फार गरज असते. पोराने सहा महिन्यांत चार किलो वजन धरलं गं. त्याच्या मनगटावर मांस दिसलं त्या दिवशी मी मोठ्याने स्तोत्र म्हटलं.

आता ज्यासाठी तू खरी कासावीस आहेस ते. मे महिन्यात तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी भाकर ती पहिल्यांदा घेणार, आणि सासूबाई म्हणतात, देवाच्या प्रसादाने कुणाला अपाय होतो का, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय. सखे, होतं. त्या एवढ्याशा तुकड्यात गहूच असतो आणि तिचं आतडं तो ओळखतं. याचा विश्वासाशी संबंध नाही. सासूबाईंना माझ्या वतीने प्रेमाने सांग, पण ठाम सांग.

तुमच्या चर्चचा नियम मी इथल्या एका कॅथलिक सिस्टरांना विचारून घेतला. तुमच्यात ती भाकर गव्हाचीच असावी लागते, पूर्ण ग्लुटेनविरहित चालत नाही. मात्र २००३ च्या जुलैत रोमहून कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीचं पत्र आलं, हेच पुढे पोप बेनेडिक्ट झाले. त्यात अगदी अल्प ग्लुटेनची भाकर मान्य केली आहे, आणि ज्याला तीही झेपत नाही त्याला नुसत्या द्राक्षारसातून प्रसाद घेता येतो. २०१७ मध्ये तेच पुन्हा कळवलं. अमेरिकेत मिसूरी राज्यात क्लाइड म्हणून गाव आहे, तिथल्या बेनेडिक्टाइन सिस्टरांनी तशी भाकर तयार केली. तुझ्या लेकीला ती झेपेल का, हे तिच्या डॉक्टरांनाच विचार. द्राक्षारसातून घेतला तरी प्रसाद अर्धा होत नाही, एका थेंबातही ख्रिस्त पूर्ण असतो, ही तुमच्याच चर्चची शिकवण आहे. फक्त फादरांना आधी भेटून एक सांग: मिस्साच्या वेळी ते भाकरीचा कण आपल्या प्याल्यात टाकतात, म्हणून हिच्यासाठी प्याला वेगळा हवा, आणि तो दुसऱ्या कुणी ओठाला लावलेला नको.

आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत तसा नियम नाही, तरी आमचंही सरळ झालं नाही. गेल्या वर्षी पोराचं दृढीकरण (आपला विश्वास जाहीरपणे कबूल करायचा विधी) झालं. त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनात पावाच्या तुकड्यांचं ताट रांगेतून आलं आणि त्याने मान खाली घालून ते पुढे सरकवलं. मी शेजारीच होते. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. त्या रविवारी मला प्रार्थना सुचली नाही. संध्याकाळी पाळकांकडे गेले, म्हटलं, त्याच्यापुरता एक तुकडा मी घरून आणत जाऊ का? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाई, त्याच्यापुरता नको. सगळ्यांचाच तुम्ही करून आणा. पौल म्हणतो भाकर एक आहे, तर एकच असू दे."

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पहाटे चारला उठते. ज्वारीची उकड काढताना वाफ तोंडावर येते, बाहेर अंधार असतो. हात चालू असतात आणि ओठांवर प्रभूची प्रार्थना असते, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." लहानपणापासून म्हणतेय, पण भाषांतरकारांनी तिथे पाव लिहिलं नाही, पोळी लिहिली नाही, भाकर लिहिली, हे माझ्या पोराच्या दुखण्यानंतर माझ्या ध्यानात आलं. आपल्या मुलांना जे पचतं तेच आपण मराठीतून मागत आलोय. तुझी लेक रात्री ही प्रार्थना म्हणते ना? तिला सांग हे. तिला आवडेल.

आणि योहानाचा शेवटचा अध्याय तिला वाचून दाखव. शिष्य रात्रभर जाळी टाकून दमून किनाऱ्याला येतात तर कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार. पुन्हा उठलेला प्रभू त्यांना न्याहारीला बोलावतो. तुमच्या वसईच्या किनाऱ्यावरच्या पोरीला ते चित्र माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मे महिन्यात मी दोन दिवस आधी येते. पार्टीचा केक बाहेर सांगू नकोस. बदामाचा आणि तांदळाच्या पिठाचा मी करेन, सगळ्या पाहुण्यांना तोच. दोन साचे आणि पीठ मी घेऊन येईन, तू फक्त ओव्हन आतून घासून ठेव आणि तिच्यासाठी नवा तवा घे. जुन्या तव्यावर पोळ्या झाल्यात. दुर्बिणीची तारीख कळली की त्याच दिवशी फोन कर, रात्र असली तरी. तिला माझी पापी.

तुझी,
नगरची मैत्रीण