मॉनिटर नसलेल्या सर्व्हरची स्क्रीन

पुणे, रविवार रात्री

प्रिय मन्या,

तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही आणि फोनवर सांगितलं तर तू निम्मं विसरशील, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय, निवांत बसून वाच.

तू लिहिलंस की सांगलीच्या घरी माळ्यावरचं मॉनिटर नसलेलं लिनक्स मशीन चालू आहे, एसएसएचने (म्हणजे दुरून कमांड देऊन) आत जाता येतं, पण रिमोट डेस्कटॉप उघडला की स्क्रीन १०२४ बाय ७६८ आणि सेटिंगमध्ये दुसरा पर्यायच नाही. क्यूजीआयएसची, म्हणजे तुझ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरची, मोठी खिडकी उघडली की खालचं ओके बटण स्क्रीनच्या बाहेर जातं आणि तू अंदाजाने टॅब दाबत एंटर मारतोस. (तेवढ्यापुरतं आल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढ, एक्सएफसीई या तुझ्या डेस्कटॉपवर चालतं.) हे सगळं ठीक आहे रे, पण लाईट जाऊन आली की तू काकूंना स्टुलावर चढवून मॉनिटरची केबल जोडायला लावतोस, हे वाचून मला कसंतरीच झालं. त्यांचे गुडघे कसे आहेत माहितीये ना तुला? हे बंद व्हायलाच पाहिजे, आणि होतं.

आधी हे डोक्यातून काढ की ग्राफिक्स कार्ड गेलंय. काही गेलेलं नाही. प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते, तिच्यात ईडीआयडी म्हणून माहिती असते, मूळ तुकडा फक्त १२८ बाइटचा, त्यात कंपनी कोण, मॉडेल कुठलं, कुठली रिझोल्यूशन चालतात हे सगळं लिहिलेलं असतं. केबल जोडली की कार्ड ते वाचतं आणि त्यावरून पर्यायांची यादी तयार होते. केबलच नाही तर वाचणार काय? मग सिस्टीम आपली जपून १०२४ बाय ७६८ वर थांबते, काही मशीनवर तर काळी स्क्रीनच येते. तुझं कोडं इथेच सुटतं बघ: काकूंनी मॉनिटर जोडून मशीन चालू केलं की एक्स सर्व्हर (स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम) उठताना ईडीआयडी वाचतो, म्हणून त्या दिवशी सगळं छान, आणि लाईट गेल्यावर मशीन मॉनिटरशिवाय उठलं की परत तेच.

एक्सरँडर, म्हणजे रिझोल्यूशन बदलायची कमांड, चालवून बघितलंस म्हणालास, आणि कॅन्ट ओपन डिस्प्ले आलं. ते येणारच, कारण एसएसएचमधून आल्यावर तुझ्या शेलला कुठल्या डिस्प्लेशी बोलायचं ते माहीत नसतं, आधी डिस्प्ले व्हेरिएबल कोलन शून्य (DISPLAY=:0) करावं लागतं आणि डेस्कटॉपवर लॉगिन असलेला युजरच असावा लागतो. पण ते जमलं तरी एक्सरँडरने केलेला बदल रीबूटला पुसला जातो, म्हणजे काकू परत स्टुलावर. आणि सीव्हीटी कमांडने नवा मोड (रिझोल्यूशनचा पर्याय) बनवायला गेलास तर अजून एक गंमत, तिला १३६६ बाय ७६८ सांगितलं की ती १३६८ बाय ७६८ देते, कारण रुंदी आठच्या पटीत लागते तिला.

तर तुझ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. तू त्या मशीनसमोर कधीच बसणार नाहीस, तर खऱ्या स्क्रीनच्या मागे लागूच नकोस. टायगर व्हीएनसी टाक, रिमोट डेस्कटॉपचाच प्रोग्रॅम आहे. ते स्वतःचाच एक आभासी एक्स सर्व्हर उभा करतं, त्याला ग्राफिक्स कार्डाशी, केबलशी, ईडीआयडीशी काही देणंघेणं नसतं. न सांगता सुरू केलंस तर त्याचाही आकार १०२४ बाय ७६८ च असतो, म्हणून सुरू करतानाच जिऑमेट्री (-geometry) हा पर्याय देऊन हवा तो आकार सांगायचा, इथे १३६६ पण बिनधास्त चालतं, आठच्या पटीचं झंझट नाही. आणि ते सिस्टमडीची (लिनक्स उठताना प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस करून ठेव, म्हणजे मशीन उठलं की आपोआप उठेल. पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नकोस हां, लोकलहोस्टलाच (म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं) बांध आणि एसएसएच टनेलने, म्हणजे एसएसएचच्याच सुरक्षित वाटेने, ५९०१ पोर्टवर ये. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू हा पर्यायही बघून ठेव, नाहीतर बटण दाबायला परत काकूच.

एक्सआरडीपी, रिमोट डेस्कटॉपचाच दुसरा प्रोग्रॅम, तेही चांगलंय, त्यात तर आकार तुझ्या बाजूचा क्लायंटच जोडताना सांगतो. फक्त एक लक्षात ठेव, तोच युजर खऱ्या डेस्कटॉपवर लॉगिन असेल तर बऱ्याचदा काळी स्क्रीन येते किंवा लगेच कनेक्शन तुटतं, म्हणून ऑटोलॉगिन बंद कर.

आता डमी ड्रायव्हरबद्दल, म्हणजे खोटी स्क्रीन दाखवणाऱ्या ड्रायव्हरबद्दल, कारण तुला कोणीतरी तेच सुचवलंय. एक्सॉर्गची (म्हणजे त्या एक्स सर्व्हरची) कॉन्फिग फाईल लिहून त्यात ड्रायव्हर डमी सांगायचा, व्हिडिओ रॅम द्यायची, मोडलाईन (रिझोल्यूशनचे आकडे) द्यायची. चालतं ते. पण मी दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मशीनवर ते केलं, आणि महिन्याभराने नेटवर्कचं काहीतरी बिघडलं म्हणून मॉनिटर घेऊन गेलो, जोडला, तर पूर्ण काळा. तासभर केबल बदलत बसलो. मग लक्षात आलं की मीच एक्सला सांगून ठेवलंय की खरी स्क्रीन विसर. कंट्रोल आल्ट एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो, फाईलचं नाव बदललं, डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट केला, तेव्हा दिसलं. म्हणून ते करणार असशील तर फाईलच्या पहिल्याच ओळीत कॉमेंट लिहून ठेव, कशासाठी आणि कधी. शिवाय वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) सेशन असेल तर ती फाईल कोणी वाचतच नाही. तुझ्याकडे डेबियन १२ लिनक्स आणि एक्सएफसीई आहे, तिथे एक्सच चालतं, म्हणून तू सुटलास. नोम डेस्कटॉपवाल्यांना ४६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, मॉनिटर नसलेल्या मशीनवर आरडीपीने थेट लॉगिन करता येतं, त्यांचा मार्ग वेगळा.

पुढे थ्रीडी काम लागलं तर मात्र आभासी स्क्रीनवर ते बहुतेक प्रोसेसरवरच चालतं, हळू. तेव्हा एचडीएमआयचा डमी प्लग घे, अंगठ्याएवढा असतो, काही शे रुपयांत मिळतो, त्यात फक्त ईडीआयडीची चिप असते आणि कार्डाला वाटतं मॉनिटर आहे. फोर-के वाला घेतलास तर डेस्कटॉप ३८४० बाय २१६० वर उठू शकतो आणि अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात. आणि हिशोब बघ, १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ४ बाइट प्रति पिक्सेलने ८३ लाख बाइटच्या जवळपास, फोर-केची त्याच्या चौपट, तुझ्या घरच्या अपलोड स्पीडवर ते ओढून नेणं नको.

म्हणूनच तुला १९२० पण नको सांगतो. तुझा लॅपटॉप १३६६ चा आहे. सर्व्हर १९२० वर ठेवलास तर काही व्ह्यूअर (तुझ्या बाजूचा बघायचा प्रोग्रॅम) चित्र आकसून दाखवतात, आणि इंग्रजी लेबलं एकवेळ वाचता येतात पण तुझ्या नकाशावर गावांची नावं मराठीत आहेत. मी मुद्दाम करून बघितलं, दहा पॉइंटच्या अक्षरात 'बुर्ली' आणि 'भिलवडी' टाकून. आकसल्यावर बुर्लीचा रफार वेलांटीत मिसळला, आणि भ आणि म मध्ये फरकच कळेना. तोच नकाशा एकास एक पिक्सेलवर ठेवला तर काना-मात्रा स्वच्छ. सर्व्हे नंबरच्या शेजारी गावाचं नाव चुकीचं वाचलं गेलं तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. तेव्हा १३६६ बाय ७६८ दे, फुलस्क्रीन उघड. नंतर मोठा मॉनिटर घेतलास तर टायगर व्हीएनसीच्याच व्ह्यूअरची खिडकी ताणली की मागचा डेस्कटॉपही तेवढा मोठा होतो, परत काही करावं लागत नाही.

सगळं झालं की एक कर. शनिवारी घरी जाशील तेव्हा मॉनिटर माळ्यावरून कायमचा खाली आण, मग मेन स्विच पाड, दोन मिनिटं थांब, परत चालू कर, आणि काहीही हात न लावता बाहेरच्या खोलीतून लॅपटॉपवरून जोडून बघ. जोडलं गेलं तर मला फोन कर, नाही गेलं तरी कर, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो. आणि ते स्टूल माळ्याखालून हलव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अभ्या