पिवळी बस कुणाच्या पैशावर धावते?

संपादक महोदय,

कमी पटाच्या छोट्या शाळा बंद करून एक मोठी समूह शाळा करावी, अशी बाजू मांडणारा आपल्या रविवार पुरवणीतला लेख काल वाचला आणि राहवलं नाही. कमी पटाच्या शाळांबद्दल तिथले शिक्षक आणि पालक बोलतीलच, तो त्यांचा हक्क आहे. माझा आक्षेप अमेरिकेच्या दाखल्याला आहे. तिथे छोट्या शाळा कधीच मोठ्या शाळांत विलीन झाल्या आणि पिवळी बस मुलांना दारातून घेऊन जाते, एवढ्यावर लेखकाने विषय मिटवला आहे. मी तिथल्याच ओहायो राज्याच्या आग्नेय भागातल्या एका लहानशा गावात राहते. माझी मुलगी इथल्या सरकारी हायस्कुलात नववीला आहे. आमच्या दारात बस येत नाही.

विलीनीकरण झालं हे खरंच. १९३९-४० मध्ये अमेरिकेत १,१७,००० च्या वर शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं, होते, आज जेमतेम १३,००० उरले आहेत. आमचं हायस्कूलही आसपासच्या गावांच्या शाळा बंद करून उभं राहिलं. त्यामुळे ते धड कुठल्याच गावात नाही, हमरस्त्याच्या कडेला मक्याच्या शेतांमध्ये आहे. पायी जायचं तर फुटपाथ नाही, गावात दुसरी कुठली बस नाही. म्हणजे शाळेची बस आहे तोवरच शाळा जवळ.

आणि ती बस मतपेटीवर अवलंबून आहे, हे लेखात कुठेच नाही. इथल्या शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा गावकऱ्यांच्या घरपट्टीतून येतो. त्यासाठीच्या जादा कराला लेव्ही म्हणतात आणि ती मतदानाने मंजूर करून घ्यावी लागते. १९७६ च्या एका कायद्यामुळे घरांच्या किमती वाढल्या तरी मंजूर लेव्हीतून शाळेला मिळणारी रक्कम जवळजवळ तेवढीच राहते. डिझेल, पगार, विमा मात्र वाढत जातात. मग शाळा दर थोड्या वर्षांनी पुन्हा लोकांच्या दारात. गेल्या नोव्हेंबरात आमची लेव्ही मतदानात नामंजूर झाली. राज्याचा कायदा शाळेपासून दोन मैलांपलीकडे राहणाऱ्या, आठवीपर्यंतच्या मुलांनाच बस द्यायला लावतो, हायस्कूलला ती सक्तीची नाही. त्यामुळे पहिली कुऱ्हाड तिथेच पडली. खेळांची आणि बँडची फी वाढली ती वेगळीच.

इथे गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. नववीतली पोरं चौदा-पंधराची. हिवाळ्यात सकाळी सातला मिट्ट काळोख असतो आणि शाळेच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. परवा आमच्या पुढच्या पिकअपच्या हौद्यात गवताच्या गासड्यांना टेकून सूझाफोन या बँडच्या भल्यामोठ्या वाद्याची पेटी ताडपत्रीखाली बांधलेली होती. वाजवणारा मुलगा पुढे बापाशेजारी बसून डबा खात होता. त्याच्या बापाची रात्रपाळी नुकतीच सुटलेली. माझी पाळी नर्सिंग होममध्ये सकाळी सातलाच सुरू होते. वरिष्ठांनी अर्धा तास उशिरा यायची सवलत दिली, तेवढ्या वेळाचे पैसे कापून. शेजारची मुलगीही आमच्याच गाडीत येते. ज्यांना असं कुणी नाही त्यांचं काय? माझ्या मुलीच्या वर्गातला एक मुलगा शाळा सोडून घरी बसून ऑनलाइन शिकतो आहे. त्याला शिक्षणाचा कंटाळा आलेला नव्हता, त्याच्या घरी दुसरी गाडी नव्हती.

समोरच्या आजींनी लेव्हीच्या विरोधात मत दिलं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. नवरा खाणीत होता, आता पेन्शनवर एकटीचा संसार, घरपट्टी वाढली तर औषधाला हात आखडता घ्यावा लागतो. शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्याला याच आजी बँडसाठी पाई (सारण भरलेला भाजलेला पदार्थ) करून आणतात. त्यांच्यावर मी कशी रागावू? माझा राग राज्याच्या राजधानीत, कोलंबसमध्ये बसलेल्या आमदारांवर आहे. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच, आमच्या बाजूच्याच पेरी काउंटीतून गेलेल्या डीरॉल्फ खटल्यात, शाळांना पैसा पुरवण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. २००० आणि २००२ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. २०२१ मध्ये नवं सूत्र आलं, तरी मतपत्रिकेवरून लेव्ही हटली नाही.

आणखी एक. अमेरिकेतल्या मराठी माणसांबद्दल लिहिताना आपल्या वार्ताहरांना न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच दिसतात. तिथले आमचे नातेवाईकही आम्हाला चांगल्या शाळेच्या भागात घर घ्या, असा सल्ला देत असतात. इथली शाळा वाईट नाही. इथले गणिताचे मास्तर सुटल्यावर थांबून मुलांची शंका सोडवतात. पण थांबलेल्या मुलांना घरी कोण नेणार, हा प्रश्न रोजचा आहे.

महाराष्ट्रात शिक्षण हक्काच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीनच्या आत ठेवली आहे. ती मोडून समूह शाळा करायची असेल तर बसचा खर्च कुठल्या खात्यातून, किती वर्षांसाठी आणि कुणाच्या सहीने, हे आधी शासन निर्णयात लिहून घ्या. आपल्या लेखकांनी हा प्रश्न मंत्र्यांना विचारावा, अशी माझी मागणी आहे. मागे माझं पत्र छापताना पैशांबद्दलचाच मजकूर गाळला होता. या वेळी तो कृपया ठेवावा.

आपली,
एक पालक, आग्नेय ओहायो
(मूळ गाव तासगाव, जि. सांगली)