हेल्मेटच्या आतला वारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की, गाडीवरून पुण्याला पोहोचलं की रात्री उशिरापर्यंत कानात ‘सूंऽऽ’ वाजत राहतं आणि सकाळी थांबतं. तू ते थकव्यावर ढकललंस. मला ते पटलं नाही. मोठ्या आवाजाने आतल्या कानावर ताण आला की असंच होतं. सकाळी सूं थांबलं म्हणजे सगळं भरून आलं असंही नाही. फोनवर हा विषय काढला असता तर ‘हो आई, हो’ म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुला वाटतं, बुलेटच्या आवाजाने होत असेल. पण साधारण साठ-पासष्टच्या वेगापुढे इंजिनापेक्षा वाराच जास्त गोंगाट करतो. खंबाटकीच्या वळणांवर तुला इंजिन ऐकू येत असेल. कऱ्हाड ते सातारा सरळ रस्त्याला काटा शंभराकडे गेला की नुसता वारा. तो हेल्मेटवर आपटतो, हनुवटीखालच्या फटीतून आत शिरतो आणि थेट कानाशी घुमतो. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. हेल्मेट डोकं वाचवतं, ते घालतेस म्हणून मी रात्री झोपू शकते. पण कानाचं रक्षण त्याच्याकडून होत नाही.

डेसिबलचा हिशेब मी वर्गात इतकी वर्षं शिकवला, तरी तो मनात बसायला वेळ लागतो. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ८५ आणि १०० यांत नुसता पंधराचा फरक दिसला तरी ऊर्जा तीस पटींहून जास्त वाढलेली असते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे जास्तीत जास्त आठ तास, ८८ ला चार, ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आता पुणे ते इचलकरंजी तू किती वेळ गाडीवर असतेस ते तूच मोज.

आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाच्या कंपनाचा संदेश मेंदूकडे त्याच पाठवतात. मागावर ताण्याचा धागा तुटला तर गाठ मारून काम पुढे चालू होतं. केसपेशीला गाठ मारता येत नाही. माणसात ती मेली की पुन्हा येत नाही.

बाबांचं तू लहानपणापासून पाहिलंयस, म्हणून तुला त्यात वेगळं काही वाटत नसेल. मागाच्या शेडमध्ये धोट्यांच्या खडखडाटात सगळे ओठ आणि हातवारे बघूनच बोलायचे. तिथे ऐकू न येणं कुणालाच जाणवत नव्हतं. ते जाणवतं घरी आल्यावर. परवा भाजीवालीने ‘साठ रुपये’ म्हटलं, बाबांनी ‘आठ’ ऐकलं आणि दहाची नोट पुढे केली. ती हसली. बाबा हसले नाहीत, पिशवी माझ्या हातात देऊन पुढे चालू लागले. स, श, फ असे बारीक आवाज आधी जातात. त्यांच्या श्रवण तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच, बारीक आवाजांपाशी, रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली आहे. आवाजाने झालेलं नुकसान बहुतेक तिथेच आधी दिसतं. आता कानाला मशीन लावतात, पण मशीन भांड्यांचा आवाजही तेवढाच मोठा करतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की ते मशीन काढून खिशात ठेवतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. माणसांतून उठून जाणं हे मला बहिरेपणापेक्षा वाईट वाटतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीतही हा बहिरेपणा होता. बाबांना तो नोकरीने दिला. तुला तो हौसेने यावा हे मला सहन होणार नाही.

गाडी सोड असं मी म्हणत नाही. तू चालवतेस ते मला आवडतं, मी शेजारणींना अभिमानाने सांगते. फक्त इअरप्लग घाल. फोमचे साधे, औषधाच्या दुकानात मिळतात. घालण्याची रीत मात्र नीट शीक, कारण वरवर खोचलेला प्लग फारसा उपयोगाचा नाही. हात धुऊन प्लग बोटांत वळून अगदी बारीक कर. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा काठ वर आणि मागे ओढ, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेव. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. काढताना हळूच फिरवून काढ, झटका देऊ नको. किती डेसिबल आवाज कमी होतो त्याचा पाकिटावर साधारण तीसच्या आसपासचा आकडा असतो, तो प्रयोगशाळेतला. रस्त्यावर वीस डेसिबल जरी कमी झाले तरी शंभराचे ऐंशी होतात. कापसाच्या बोळ्याने एवढं होत नाही.

मग हॉर्न कसा ऐकू येणार, हे तू विचारशीलच. प्लग वारा आणि हॉर्न दोन्हीही खाली आणतो, त्यामुळे वाऱ्याच्या वर येणारा हॉर्न प्लग घालूनही वरच राहतो. सुरुवातीला गल्लीत हळू चालवून सवय कर. इअरफोनवर गाणी मात्र नकोत. वाऱ्याच्या वर गाणं ऐकायचं तर आवाज आणखी वाढवावा लागतो, आणि लक्षही जातं.

हेल्मेट गालाला घट्ट बसणारं, पूर्ण चेहऱ्याचं असू दे. काच बंद ठेव, हनुवटीखाली ओढणी नाही तर मफलर नीट आत खोचून घे. गाडीला समोर लावलेली छोटी काच वारा नेमका हेल्मेटवर फेकते आहे का तेही बघ. तसं असेल तर ती उलट त्रासच वाढवते. सायलेन्सर बदलायचा विषय तुझ्या मित्रांनी काढला होता, तो तिथेच सोडून दे.

आणखी एक. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर दोन दिवस वाट बघत बसू नको, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उशीर झाला की उपचाराला यश येणं अवघड होतं. आणि एकदा श्रवण तपासणी करूनच घे, म्हणजे आज तुझी रेघ कुठे आहे ते कळेल आणि पुढे तुलना करता येईल. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी लांब नेऊ नको, निकाल चुकतो.

शुक्रवारी काकांच्या हातून प्लगची दोन पाकिटं पाठवतेय. तपासणीची तारीख ठरली की कळव, आणि आलेखाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई