दिदरोची प्रूफं

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

‘अठराव्या शतकातलं वाङ्मय शिकवतेस म्हणजे दिवसभर करतेस तरी काय?’ या तुमच्या प्रश्नाला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय.

यंदा फ्रेंच लेखक दिदरोचा विश्वकोश शिकवतेय. १७५१ मध्ये पॅरिसला पहिला खंड निघाला. पुढे मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ झाले. १७५९ मध्ये राजानं परवाना काढून घेतला, तरी दिदरो काम रेटत राहिला. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. तुम्हाला सांगण्यासारखं आहे ते छापखान्यातलं.

शेवटचे दहा खंड छापून होत होते. दिदरो प्रूफं तपासून द्यायचा. त्याची पाठ वळली की छापखान्याचा मालक ल ब्रतों आणि त्याचा फोरमन, सरकारला किंवा चर्चला झोंबेल असा मजकूर उडवायचे आणि मगच जुळवलेल्या पानांचा फर्मा छापायला जायचा. १७६४ मध्ये दिदरोनं सहज एक लेख उघडून पाहिला आणि बिंग फुटलं. तो संतापला, पण खंड छापून तयार होते, करणार काय! गंमत म्हणजे काट मारलेली कितीतरी प्रूफं ल ब्रतोंनं जपून ठेवली. का, देव जाणे. त्या प्रूफांचा बांधलेला खंड आज आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

परवा मुलांना तिथे नेलं. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. दिदरोनं डोळ्यांत तेल घालून तपासलेल्या ओळी, आणि त्यावर दुसऱ्याच माणसाची काट. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे राजाच्या माणसांना हात लावायचीही गरज पडली नाही!’ एकानं मात्र ल ब्रतोंचीच बाजू घेतली: पैसा त्याचा अडकलेला, कामगारांची पोटं त्याच्यावर. मला ते पटत नाही, पण मांडलं फार छान. आणि एवढी कात्री चालवूनही १७६६ मध्ये ल ब्रतोंला बास्तीयच्या तुरुंगाची हवा खावी लागलीच. खंड व्हर्सायला, थेट राजाच्या दरबारात पोचवले म्हणून.

आता तुमच्याकडे एक काम. तुमच्या प्रेसमध्ये लेखकानं शेवटचं प्रूफ पास केल्यावर फर्मा मशीनवर चढेपर्यंत कुणाकुणाच्या हातून जायचा, आणि मधे शब्द बदलला तर लेखकाला कळायचं का, हे सविस्तर कळवा. छपाईचे खिळे जुळवलेला माणूस माझ्या वर्गातल्या कुणी पाहिलेला नाही. पुढच्या आठवड्यात तास आहे, तेव्हा शक्यतो रविवारपर्यंत.

आईस सा. न.

आपली,
सुमा