पीटरचं खोलीभाडं

पुणे, १४ जुलै

प्रिय बाळ्या,

‘स. न. वि. वि.’ लिहिलं तर फोन करून शिव्या घालशील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. परवाच्या रविवारी चिरंजीवांना घेऊन दिग्दर्शक सॅम रायमीचे तिन्ही ‘स्पायडर-मॅन’ एका बैठकीत पाहिले. मध्ये वरणभात आणि माझी एक डुलकी.

पहिला, २००२चा, पोराला भलताच आवडला. कॅन्टीनमध्ये मेरी जेन घसरते आणि पीटर, म्हणजे आपला स्पायडर-मॅन, तिला एका हाताने धरून दुसऱ्या हातातल्या ट्रेवर तिचं सगळं जेवण झेलतो, आठवतं? ती कॉम्प्युटरची करामत नव्हे. ट्रे हाताला चिकटवला होता, पण पीटर झालेल्या टोबी मॅग्वायरला दीडशेच्या वर टेक द्यावे लागले. हे सांगून मी पस्तावलो. संध्याकाळपर्यंत आमच्या फरशीवर बिस्किटांचा चुरा होता. मग त्याचा प्रश्न, पीटरला वाढवणारी आंट मे म्हणजे मावशी का? म्हटलं, तिचा नवरा बेन हा पीटरच्या बापाचा भाऊ, म्हणजे काकूच की रे.

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्या भागामुळे. २००४. आपण तिघं सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत होतो आणि रात्री चपला हातात घेऊन जिना चढायचो, कारण खालच्या दाराआड मालक कान लावून बसलेले. पडद्यावर पीटर दबक्या पावलांनी निघतो आणि घरमालक भाडं मागतो, तेव्हा तू इतक्या जोरात हसलास की पुढच्या रांगेने वळून पाहिलं. त्या घरमालकाचं नाव डिट्कोविच. १९६२ साली स्टॅन लीबरोबर स्पायडर-मॅन घडवणाऱ्या चित्रकार स्टीव्ह डिट्कोवरून घेतलेलं. ली प्रत्येक सिनेमात तोंड दाखवून जायचा, डिट्को मुलाखतीलाही उभा राहायचा नाही. आणि नाव दिलं कुणाला, तर भाडं मागणाऱ्याला!

तू तेव्हा कुरिअरची पाकिटं वाटायचास. एकोणतीस मिनिटांत पिझ्झा पोचवायचा, उशीर झाला म्हणून नोकरी गेली, हे बघताना तू मान हलवत होतास. पुढे काकू वाढदिवसाचे वीस डॉलर पीटरच्या हातात कोंबते. घरावर जप्तीची नोटीस आलेली, तो नको म्हणतो, ती आधी चिडते आणि मग रडते. तिथे तू गप्प झालास. आदल्याच आठवड्यात तुझ्या आईने एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडलेल्या डब्यात लाडवांखाली दोनशेची घडी निघाली होती. मी तेव्हा काही बोललो नाही, आजही बोलत नाही.

आगगाडी थांबवून पीटर कोसळतो आणि मुखवटा नसलेल्या त्या पोराला प्रवासी हातांवर झेलून आत घेतात, ते पाहून माझा गडी सरळ होऊन बसला. तो रूळ मात्र न्यूयॉर्कचा नाही, शिकागोचा. मॅनहॅटनच्या मध्यवस्तीत असा डोक्यावरून जाणारा मार्ग आहे कुठे? कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पोशाख आणि पाठ फिरवून निघालेला पीटर, हे चित्र तर १९६७च्या पन्नासाव्या अंकातून जसंच्या तसं उचललंय. कॉमिकवरून सिनेमा करायचा तर असा, एवढंच म्हणतो.

तिसऱ्याबद्दल काय बोलू? २००७. आपल्याकडे भोजपुरीतही आला होता. एका सिनेमात तीन खलनायक, त्यातला व्हेनम रायमीला मुळात नको होता आणि ते जाणवतं. वाळूतून सँडमॅन उभा राहू बघतो, पुन्हा ढासळतो, तेवढं मात्र मी परत परत बघेन. आणि तो दरवाजा! पीटरच्या खोलीचं दार अडकतं, डोक्यात भूत शिरलेला पीटर डिट्कोविचवर खेकसतो की आधी दार दुरुस्त करा, मग भाडं मागा. नंतर ओशाळून माफीही मागतो.

पोराने विचारलं, “बाबा, तुम्ही दिलं होतं का भाडं?” मी म्हटलं, दिलं असणार. पण बाळ्या, खोली सोडली तेव्हा जूनचे पैसे मी तुझ्या हातात ठेवले होते आणि त्याच रात्री आपण तिघं मिसळ खाऊन सिनेमाला गेलो. मालकांना दिले होतेस ना रे?

तुझा,
अव्या