आई, उड्या मारायच्या नाहीत

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवापर्यंत घरी एक मोठं, चपटं खोकं येईल. कुरियरवाला पाखाडीच्या तोंडाशीच ठेवून जाईल, तेव्हा वर आणायला शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. आत मिनी ट्रॅम्पोलिन आहे, म्हणजे चौकटीवर ताणलेलं उड्या मारायचं कापड, धरायला दांडा असलेलं. बाबा, “हिचं डोकं फिरलंय” हे म्हणून झालं असेल तर पुढचं वाचा.

पाऊस लागला की तुमचं चालणं बंद पडतं, हे मी दर वर्षी बघते. एरवी व्याडेश्वराला जाऊन किनाऱ्यावरून परत येणारा माणूस चार महिने ओटीवर पेपर घेऊन बसतो. तुम्हाला दोष देत नाही. पाखाडीला शेवाळ धरलेलं, त्यावरून या वयात रोज उतरा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? आई दिवसभर उभी असते, पण ओट्यापाशी उभं राहणं हा व्यायाम नव्हे, तिच्या गुडघ्यांचे हाल आहेत. दिवाळीला पुन्हा चालायला लागता तेव्हा पायांतलं बळ कमी झालेलं असतं, आणि सगळंच्या सगळं काही परत येत नाही.

मला खरी धास्ती आहे ती पडण्याची. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि शिवाय तोल व ताकद वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करा म्हणते. हे दुसरं आपल्याकडे कुणाच्या गावीही नसतं. “मी रोज चालतो” म्हटलं की विषय संपला. पण चालताना पाय घसरला तर दुसरा पाय वेळेत पुढे पडतो का, हे वेगळं कसब आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर माणसांना १४ आठवडे मिनी ट्रॅम्पोलिनवर व्यायाम दिला, तेव्हा पुढे तोल गेल्यावर सावरायची त्यांची क्षमता सुधारलेली दिसली. मी पैसे घातले ते यासाठी.

आता बाबांच्या डोक्यातला प्रश्न: गुडघे दुखणाऱ्या बाईला उड्यांचं यंत्र कशाला? तुमची उभी हयात एसटीच्या डेपोत गेली, तुम्हाला मी काय सांगायचं. गाडी खड्ड्यात आपटली तरी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमुळे प्रवाशाच्या कमरेपर्यंत सगळा हादरा पोचत नाही. इथेही तेच. शरीर खाली येतं तेव्हा कापड काही इंच दबतं, थांबायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे धक्का नाहीसा होत नसला तरी पसरतो. फरशीवर धावताना तो एकदम घोट्यात आणि गुडघ्यात बसतो.

तुमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर ‘नासा म्हणते ट्रॅम्पोलिन धावण्यापेक्षा ६८ टक्के चांगलं’ असला मेसेज कधी ना कधी येईलच, म्हणून आधीच सांगते. अभ्यास खरा आहे, १९८० चा. अंतराळवीरांच्या शरीराला ताण कसा द्यावा, हा त्यांचा प्रश्न होता. घोटा, पाठ आणि कपाळ या तीन ठिकाणी धक्का मोजला. धावताना घोट्याला बाकी दोन ठिकाणांच्या दुपटीहून जास्त बसत होता, ट्रॅम्पोलिनवर तिन्हीकडे जवळपास सारखा. पण तपासलेली माणसं किती? आठ. तीही १९ ते २६ वर्षांची तरणीताठी पोरं. त्यावरून तुमच्या वयाला काय होईल ते कळत नाही. ‘शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात’ हेही सोडून द्या. स्नायू हलले की लसिकेचा, म्हणजे शरीरातला कचरा वाहून नेणाऱ्या द्रवाचा, प्रवाह वाढतो, पण तो चालण्यानेही वाढतो. विकणाऱ्यांना नुसतं “पाय बळकट होतात” म्हणून भागत नाही, एवढंच.

आई, तुझ्या हाडांच्या तपासणीत टी-स्कोअर उणे १.८ आला होता. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, पण अजून ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत. हाडाला जोर मिळायचा तर थोडा कडक भार लागतो आणि हे तर मऊ आहे, तेव्हा याने हाडं भरतील असं मनात धरू नकोस. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करणं चालूच ठेव. तुझ्या हाडांच्या डॉक्टरांना मी फोनवर विचारलंय. दांडा धरून, दोन्ही पाय एकदम न उचलता चालेल म्हणाले.

हेच मुख्य आहे. उड्या मारायच्याच नाहीत. पहिला आठवडा नुसतं चढा, दांडा धरून उभे राहा, उतरा. हसू नका. कापड पायाखाली हलतं तेव्हा घोट्याचे लहान लहान स्नायू सतत सावरत असतात, आणि नवख्याला तेवढंही पुष्कळ होतं. मग भार डाव्या पायावरून उजव्यावर. मग टाचा उचलून खाली. मग जागच्या जागी चालणं. सगळ्यात शेवटी गुडघे किंचित वाकवून हलकं हिंदकळणं, तेही तळवे कापडाला चिकटलेले ठेवून. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं खूप झाली, पुढे हळूहळू दहापर्यंत न्या. दम किती लागू द्यायचा? रामरक्षा म्हणत करा. श्लोकाच्या मध्येच श्वास तुटायला लागला की थांबा. (बाबा, स्तोत्र तोंडात आहे, पायाखाली नाही.)

बाबा, पुढचा परिच्छेद आईचा आहे. तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे, पण निदान त्यावर बोलू नका.

आई, गणपतीत खोकल्याची उबळ आली की तू मांड्या आवळून भिंतीला टेकायचीस. पोटभर हसायचंही टाळत होतीस. मी तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं नाही. तीन बाळंतपणं आणि पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पुष्कळ बायकांना होतं हे, आणि पुष्कळ बायका ते लपवतच म्हाताऱ्या होतात. यावर उपाय आहेत. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो तेच पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. फरक पडायला काही आठवडे ते तीन महिने लागतात, लगेच सोडून देऊ नकोस. ट्रॅम्पोलिनवर जायच्या आधी बाथरूमला जाऊन ये. हिंदकळताना थेंब जरी गेला तरी ते बंद, नुसता भार बदलायचा व्यायाम कर. पुण्याला येशील तेव्हा आपण दोघी बाई डॉक्टरांकडे जाऊ. दादाला किंवा वहिनीला मी यातलं अक्षरही बोललेली नाही.

आता जागा. पडवीत अजिबात नको, झड आत येते. ओटीवर झोपाळा आहे. माजघरात देवघराच्या उलट्या बाजूच्या भिंतीला लावा, पंख्याच्या खाली नाही. एक मीटर रुंद आणि वीतभर उंच आहे, मावेल. आपल्या शहाबादी फरशीला पावसात घाम येतो, म्हणून खाली अंथरायला रबरी मॅट पाठवली आहे. तिच्याऐवजी गोधडी किंवा सतरंजी घालू नका, ती सरकते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्प्रिंगांना महिन्याभरात तांब चढली असती, म्हणून स्प्रिंगांऐवजी लवचिक दोऱ्यांचं मुद्दाम शोधून घेतलं. थोडं महाग पडलं. किती, ते विचारू नका. दोऱ्या कुठे उसवल्या आहेत का ते अधूनमधून बघत जा.

आई, गाऊन नको. पंजाबी ड्रेस घाल, ओढणी न घेता. पाय अनवाणी आणि कोरडे.

लोक चढता-उतरतानाही पडतात. बाबा, तुमच्या बायफोकलच्या खालच्या भागातून पाहिलं की पायाजवळची कड पुसट दिसते, म्हणून तिला सगळीकडून पिवळी पट्टी चिकटवून घ्या. उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटेल, होडीतून उतरल्यावर वाटते तशी. दांडा न सोडता मिनिटभर थांबा. ब्लडप्रेशरच्या गोळीनंतर उठताना अंधारी येते तो वेळ टाळा. चक्कर आलेल्या दिवशी चढायचं नाही, लाइट गेलेली असताना चढायचं नाही आणि घरात एकटे असताना तर नाहीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की डोळ्यांचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

मे महिन्यात पोरं आली की घडी करून थेट माळ्यावर. एका वेळी दोघं-तिघं चढली की हातपाय मोडतात, आणि आपली पोरं एकेकटी कधी काय करतात?

खोकं उघडाल तेव्हा घडी एकट्याने सोडू नका, ती ताणलेली असते, फटकन उघडते आणि बोटं सापडतात. समोरच्या बाजूने दुसरा माणूस हवा. दांड्याला चार बोल्ट आहेत, सोबत आलेला पाना कचकड्याचा वाटला, तुमचाच काढा. पायांना रबरी बूट घट्ट बसलेत का ते पाहून दांडा जोराने हलवून बघा. जरा जरी डगडगला तर आईला वर चढू देऊ नका, मला व्हिडिओ कॉल करा. रविवारी मी दिवसभर घरीच आहे.

तुमची,
मनू