पुली सरकतेय

प्रिय सुन्या,

आपल्या जुन्या स्टँडर्ड हेराल्डच्या इंजिनची पुढची पुली सरकतेय. बाकीचं पुढे लिहितो, पण हे आधी, कारण हे वाचून पोटात गोळा येणारा माणूस माझ्या ओळखीत तू एकटाच आहेस. तुझ्या वहिनीला सांगितलं तर म्हणाली, सरकू दे की, गाडी चालतेय ना. आप्पा म्हणाले पट्टा घट्ट करून बघ. मन्याला फोन केला तर त्याने दुसऱ्याच दिवशी इंजिन विकणारा माणूस दारात आणून उभा केला, ते पुढे येतंच.

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही हे मान्य, पण तू तरी कुठे लिहिलीस, नुसते अंगठे पाठवतोस. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालतेय. माझी शुगर बॉर्डरवर आहे म्हणतात, गेल्या वर्षीपण तिथेच होती. तुझ्या नव्या नोकरीचं मन्याकडून कळलं, भारी झालं, सविस्तर फोनवर. पोरगी कार चालवायला शिकतेय म्हणे, तिला तू शिकवू नकोस, का ते खाली कळेल.

आता बस खाली. छप्पर उतरवलंय. हो, मीच. वीस वर्षं तू घसा कोरडा केलास की हेराल्ड उघडीच पाहिजे आणि मी म्हणत होतो की ६६ची सलून, म्हणजे पक्क्या छपराची गाडी आहे, सलूनच राहील. झालं असं की पावसाळ्यात मागच्या काचेखालून पाणी आत यायला लागलं, मेस्त्री म्हणाला रबर बदलायचं तर छप्पर सैल करावं लागेल, आणि एकदा सगळे बोल्ट निघाल्यावर आम्ही चौघांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि मी ड्रायव्हिंग सीटवर जाऊन बसलो. त्यानंतर परत चढवायचं नावच निघेना. काचेची फ्रेम जागच्या जागी राहते, बाकी आभाळ. तुला फोटो पाठवला नाही कारण तू स्टेटसला ठेवला असतास आणि खाली 'मी बोललो होतो' असं लिहिलं असतंस.

फोटोत दिसलं नसतं ते सांगतो. छप्पर निघाल्यावर बॉडी ढिली पडली, डावं दार लागेना, उजवं लागलं तर उघडेना. दारांखालच्या पट्ट्या तर नुसत्या शोभेच्या, जोर सगळा चासीवर, आणि चासीचे आउटरिगर (बॉडी पेलणारे बाजूचे हात) आपण समजत होतो तसे नव्हतेच, रंगाच्या आत नुसता गंज. ते नवीन करून वेल्ड केले. मग बॉडी आणि चासीच्या मध्ये पॅकिंगं घालून, काढून, परत घालून दारांच्या फटी जमवल्या, त्यात मेस्त्रीचा आणि माझा जवळजवळ घटस्फोट झाला. छपराच्या जागी दुमडता येणारा कापडी टप शिवला रिक्षावाल्याने. आपल्याकडे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, त्यात नंबरात येणाऱ्या रिक्षांचं काम करणारा माणूस आहे. पहिल्यांदा त्याने झालर लावून आणली होती. खरंच. काढायला लावली तर दोन दिवस फोन उचलत नव्हता.

मिरजेची चार दारांची हेराल्ड मार्क थ्री आठवते का, चिंचेखाली होती, आत कोंबड्या? ती शेवटी भंगाराच्या भावाने मिळाली. इंजिन नव्हतंच, ते कुणीतरी कधीच काढून नेलेलं, पण बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या, डिफरन्शियल, मागचा आडवा पाटा आणि हेडलाइटच्या रिंगा धडधाकट निघाल्या. डायनामो काढून मारुती ८००चा भंगारातला अल्टरनेटर बसवला, त्यासाठी मूळचं पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं धन टोक बॉडीला) उलटं करावं लागलं. आता रात्री दिवे लावून वायपर चालू केला तरी दिवे मंदावत नाहीत, हे सुख तुला तिकडे कळायचं नाही. रेडिएटरला ८००चाच इलेक्ट्रिक फॅन. पेट्रोलचे पाइप सगळे नवे, कारण हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनी रबरं चिकट होऊन सुटायला लागली होती, पंपाचा पडदापण गेला. पण एक लक्षात घे, आउटरिगर सोडले (ते जुन्याच मापाने जुन्याच जागी, ते धरू नकोस) तर जे काय केलं ते सगळं बोल्टवर केलं. उद्या कुणी म्हणालं मूळची दाखव, तर एका रविवारात डायनामोसकट मूळची करून दाखवीन. छप्पर माडीवर आहे, गोधडीत गुंडाळून. आई त्याच्यावर पापड वाळत घालते.

हां, तर पुली.

गेल्या रविवारी पन्हाळ्याला चाललो होतो, टप मागे टाकून, बरोबर ताईचा ओंकार. केर्लीपर्यंत झकास. वाघबिळाला कणसं खायला थांबलो, गाडी चालूच ठेवली होती, आणि निघताना क्लच दाबला तर इंजिनचा आवाज बसला. सोडला, वर आला. परत दाबला, परत बसला. माझे हातपायच गार झाले. बॉनेट पुढे उलटवलं, ओंकारला म्हटलं क्लच दाब, आणि बघतो तर पुढची पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे येतेय. सोड म्हटलं की मागे. ओंकार म्हणतो, मामा, हे असंच असतं का? कणीसवाली म्हणाली, चालू आहे की गाडी! काय सांगणार होतो मी तिला?

तुझी ती झेरॉक्स मॅन्युअल काढली रात्री. मागच्या मेन बेअरिंगला क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा, पुली त्याच्याच टोकाला) पुढे-मागे जाऊ नये म्हणून दोन अर्धचंद्र वॉशर असतात, क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर. ते झिजले की सुटतात आणि खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडतात, मग क्रँक थेट ब्लॉकला खाते. पाच-सहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) खेळ चालतो, मेस्त्रीने डायल लावली तर काटा चाळिसाच्या पुढे गेला. चेंबर उघडल्यावर एक वॉशर तळाला पडलेला मिळाला आणि दुसऱ्याची नुसती पत्री. ब्लॉकची एक बाजू थोडी खाल्ली आहे.

आणि आता मुद्द्याचं. सिग्नलला गिअर काढायचा सोडून क्लच दाबून उभा राहायची सवय कुणाची होती? दसरा चौकात पोलिसाशी गप्पा मारताना अख्खं लाल संपेपर्यंत क्लचवर पाय कुणाचा होता? मी काही म्हणत नाही. गाडी अर्धी तुझी आहे, तू तुझ्या अर्ध्याचं काय वाटेल ते कर, पण क्रँक सलग आहे रे.

तर आता तीन वाटा आहेत. एक, हेच ९४८ सीसी कोल्हापुरातच उद्यमनगरात, लेथवाल्यांकडे न्यायचं, ब्लॉकची खाल्लेली जागा भरून घ्यायची, मशीन मारायचं, जाड वॉशर घालायचे. जमेल, उद्यमनगरात काय जमत नाही, पण लेथवाला म्हणतो बिडावर भर टिकेल याची गॅरंटी नाही, आणि करूनही शेवटी पस्तीसेक हॉर्सपॉवरच. दोन, तू तिकडून इंग्लंडातून ट्रायम्फ स्पिटफायरचं १२९६ सीसी इंजिन पाठवायचं, घराणं तेच आहे, बसेल. तुमच्या त्या कॅनलीला बनलेलं इंजिन तुझ्या घरापासून दहा मैलांवर कुणाच्यातरी गॅरेजमध्ये पडलेलं असणारच. पण वजन, बोट, कस्टम, आणि मुख्य म्हणजे तू. तुला साधं कार्ब्युरेटरचं किट पाठवायला एक अख्खं वर्ष लागलं होतं.

तीन म्हणजे मन्याचा माणूस. जिप्सीचं १३०० सीसी इंजिन, कार्ब्युरेटरवालं, साठ हॉर्सपॉवर, पाच गिअरचा गिअरबॉक्स सोबत. जिप्सीला ट्रान्सफर केस (चारी चाकांना जोर वाटणारा डबा) वेगळी असते, त्यामुळे गिअरबॉक्समधून सरळ मागे शाफ्ट काढता येतो, हेराल्डला हवं तसंच. चालू करून दाखवलं त्याने, शिलाई मशिनसारखं चालतं. पैसेपण ब्लॉक दुरुस्तीपेक्षा थोडेच जास्त सांगतोय. पण त्याचे माउंटिंग (इंजिन टेकतं ते आधार) चासीला वेल्ड करावे लागतात, जुने कापून. एकदा कापले की कापले.

हसू नकोस. मला माहितीये तू आत्ता खुर्चीवरून पडलास. तुला गाडीत ओम्नीचं इंजिन घालायचं होतं, त्यावरून आपण काय भांडलो होतो, मन्याच्या लग्नात तू वराकडच्या पंगतीत बसलास आणि मी मुद्दाम वधूकडे, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा मी बरोबरच होतो. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, ते घालून मिळणार काय होतं, कप्पाळ? आत्ता इंजिन खरोखर गेलंय, तेव्हा गेलेलं नव्हतं. हा फरक तू लक्षात घे.

रात्री झोप लागत नाही त्याचं कारण वेगळंच आहे. एक तर मागचं. स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे मागची चाकं एकेकटी वर-खाली दुमडतात; वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलेटर सोडला की मागचं अंग उचलतं आणि चाक आत दुमडतं. आंबा घाटात तो ऊसवाला ट्रॅक्टर आठव, पस्तीस हॉर्सपॉवरला आपली ती अवस्था झाली होती. साठ टाकले तर मागे गझेलचा (हेराल्डनंतरचं मॉडेल) सरळ अ‍ॅक्सल शोधावा लागेल, कंपनीने स्वतःच गझेलला तो दिला होता, उगीच नाही. पुढे डिस्क ब्रेक लागतील, आत्ता चारी ड्रम आहेत. म्हणजे एक इंजिन घालायचं म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी हेराल्डचं फक्त बॉनेट उरायचं. ती पंचवीस फुटात वळते ना, महाद्वार रोडवर रिक्षावाले तोंडात बोट घालतात, तेवढं तरी राहील का, तेही माहीत नाही.

आणि दुसरं कागदाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं करायचं नाही, २०१९ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्यात २०२१पासून व्हिंटेजचं वेगळं रजिस्ट्रेशन आलंय, पन्नास वर्षांपुढची गाडी, मूळ रूपातली, नंबरात व्हीए. आपली वयात बसते. पण मग ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच काढायची, पन्हाळ्याला कणीस खायला नाही. मला ते नकोच आहे खरं तर. पण नकोय म्हणून न घेणं वेगळं आणि चासी कापून बसल्यामुळे कधीच न मिळणं वेगळं. आप्पा म्हणतात तुम्ही दोघं गेल्यावर ओंकारने काय करायचं ते तो बघेल. त्याला बघायला काहीतरी शिल्लक ठेवायला नको का?

मेस्त्रीचं मत विचारशील, तो म्हणतो जिप्सी. तो पहिल्यापासून तुझ्या पार्टीतला.

माझं मत आज रात्री असं आहे: उद्यमनगर. उद्या सकाळी वेगळं असेल. मन्याच्या माणसाला महिनाअखेरपर्यंत थांबवलंय, थोडा ॲडव्हान्सपण दिलाय, ते वहिनीशी बोलताना काढू नकोस. तू सांग. पण 'तुला योग्य वाटेल ते कर' असलं काही लिहिलंस तर बघ, अर्धा मालक आहेस तर अर्ध्या मालकासारखं बोल. वेल्ड म्हणालास तर मेलवर स्पष्ट लिही, मी प्रिंट काढून माडीवर छपराला चिकटवणार.

तोपर्यंत एक काम. काहीही ठरलं तरी थ्रस्ट वॉशर मागवून ठेव, स्टँडर्ड नको, ओव्हरसाइझ, माप मेस्त्री परवा मोजून देतोय. डिसेंबरात येताना बॅगेत टाक, चिमूटभर वजन. एका सेटला दोन असतात, एकच उचलून आणशील. दोन सेट आण. चीज नको, आई खात नाही.

तुझा,
रव्या

ता. क. टपाचे पैसे अर्धे तुझ्या नावावर लिहिलेत. उघडी गाडी तुलाच हवी होती.